पर्सनल ट्रेनरची पहिली दोन वर्षे: प्रमाणपत्रापासून स्वतःच्या क्लायंटपर्यंत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या कोणत्याही जिममध्ये सकाळी सात वाजता ट्रेडमिलसाठी थांबावे लागते. मार्चच्या मध्यावर त्याच जिममध्ये, त्याच वेळी, निम्मी यंत्रे रिकामी असतात. नवा पर्सनल ट्रेनर बहुधा जानेवारीत कामाला लागतो, तीनचार क्लायंट सहज मिळतात म्हणून खूश होतो आणि एप्रिलमध्ये हातात एकच उरला की क्लायंटांना चिकाटी नाही असे म्हणू लागतो. या धंद्यात क्लायंट मिळणे तुलनेने सोपे आहे. तीन महिन्यांचे पॅकेज संपल्यावर तो पुन्हा पैसे भरेल का, यावर ट्रेनरचे पोट चालते. गेली अनेक वर्षे फ्लोअरवर, म्हणजे जिमच्या व्यायामाच्या दालनात, आणि लोकांच्या घरी जाऊन शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पहिला क्लायंट ट्रेनरचे दंड पाहून येत असेलही, पण चौथ्या महिन्यात तो टिकतो तो ट्रेनरच्या नोंदवहीमुळे. पुढील पायऱ्या हे मत धरूनच लिहिल्या आहेत. वाचक नुकताच बारावी किंवा पदवी झालेला आहे, स्वतः दोनतीन वर्षे व्यायाम करतो आहे आणि आता हेच काम करावे असे त्याच्या किंवा तिच्या मनात आहे, असे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी: प्रमाणपत्र निवडणे

भारतात पर्सनल ट्रेनरला कायद्याने परवाना लागत नाही. त्यामुळे दंड मोठे असलेला कोणीही उद्यापासून ट्रेनर म्हणवून घेऊ शकतो, आणि पुष्कळजण घेतातही. पण मोठ्या शहरांतल्या चांगल्या जिम आज प्रमाणपत्र मागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चार महिने बसून शरीरशास्त्र वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या गुडघ्याची जबाबदारी घेणे बरे नाही.

पर्याय ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत. अमेरिकेतल्या एसीई, एनएएसएम, एसीएसएम अशा संस्थांच्या परीक्षा भारतातून देता येतात. त्यांना परदेशातही मान असल्यामुळे दुबईला किंवा क्रूझवर जाण्याचा विचार असेल तर याच उपयोगी पडतात. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न असतात, एनएएसएमच्या परीक्षेत दोन तासांत १२०. दुसरा पर्याय म्हणजे मुंबईतल्या के-इलेव्हनसारख्या भारतीय संस्थांचे वर्गात बसून करायचे अभ्यासक्रम, किंवा राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातला फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम. तिसरा रस्ता लांबचा आहे, तो म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ किंवा पुण्याचे १९२४ सालचे महाराष्ट्रीय मंडळ या परंपरेतल्या संस्थांतून शिकून आलेल्या मुलांना मैदान, लाठी, मल्लखांब, प्रथमोपचार अशा गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. मात्र पन्नाशीच्या मधुमेही माणसाला डंबेल कसे द्यावे, हे त्यांना वेगळे शिकून घ्यावे लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम क्रीडा प्रशिक्षकांसाठी आहे. तो उत्तम आहे, पण त्याचे काम वेगळे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तकाची धास्ती वाटते आणि ती खोटी नसते. त्यावर माझा उपाय असा की प्रत्येक स्नायूचे आणि सांध्याचे नाव दोन भाषांत लिहून ठेवावे: एक परीक्षेचे आणि एक आपल्या आईला कळेल असे. खुबा, पोटरी, खांद्याचे पाते, मणके, घोटा हे शब्द आपल्याकडे आहेतच. परीक्षा संपली की इंग्रजी नाव क्वचितच लागते. क्लायंटला ‘हिप हिंज करा’ म्हटले तर तो गुडघे वाकवतो. ‘दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागचे दार बसकणाने ढकलून लावायचे आहे’ असे सांगितले की पहिल्याच प्रयत्नात पाठ सरळ राहून खुबा मागे जातो.

एकदिवसीय कार्यशाळांच्या चकचकीत प्रमाणपत्रांवर सुरुवातीला पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा उपचार) आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आधी घ्यावे. ते रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्समार्फत घेता येते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचा असतो, हे वाचून समजते. पुतळ्यावर दोन मिनिटे सलग दाब देऊन पाहिल्याशिवाय हात किती दुखतात आणि गती किती लवकर मंदावते ते समजत नाही. कामाच्या ठिकाणी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, आहे का आणि कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारावे, आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.

दुसरी पायरी: फ्लोअरवरची नोकरी

प्रमाणपत्र मिळताच थेट घरोघरी पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, सुरू करण्याचा मोह होतो. निदान वर्षभर तरी तो टाळावा. फ्लोअर ट्रेनरच्या नोकरीत पगार थोडा, उभे राहणे फार आणि प्लेट उचलून जागेवर ठेवण्याचे काम कधी न संपणारे असते. पण दिवसाला पन्नाससाठ वेगवेगळी शरीरे हलताना दुसरीकडे कुठेही पाहायला मिळत नाहीत. तालमीत वस्ताद हाताची घडी घालून उभा असतो तेव्हा तो रिकामा नसतो. पोराचा कोणता पाय आधी थकतो ते तो पाहत असतो. ती नजर फ्लोअरवरच तयार होते. रोज दोन अनोळखी सदस्यांची स्क्वॉट लांबून पाहावी, टाच कोणाची उचलली जाते, कोणाचा गुडघा आत वळतो हे मनाशी नोंदवावे, आणि विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. पीटीच्या रकमेत ट्रेनरचा वाटा किती टक्के आणि तो कोणत्या तारखेला मिळतो. क्लायंटने मध्येच पॅकेज सोडले किंवा जिमने त्याला सवलत दिली तर तोटा कोणाच्या वाट्याला येतो. महिन्याचे विक्रीचे टार्गेट आहे का, आणि ते चुकले तर मूळ पगारातून काही कापले जाते का. नोकरी सोडल्यावर त्याच परिसरात काम न करण्याची अट आहे का. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत ‘वाटा ठरल्याप्रमाणे’ एवढेच तोंडी ठरले होते, आणि ते ‘ठरलेले’ दर महिन्याला वेगळे निघत असे. भांडायला कागद नव्हता. चूक मालकाची होती तितकीच माझीही होती.

तिसरी पायरी: पहिली भेट

पहिल्या भेटीत व्यायाम जवळजवळ नसावा, हे नव्या ट्रेनरला पटत नाही. क्लायंटने पैसे भरलेत तर त्याला घाम फुटला पाहिजे, असे त्याला वाटते. वास्तविक या तासात बोलणे, ऐकणे आणि लिहिणे हेच काम आहे. पार-क्यू प्लस ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत: हृदयाचा आजार किंवा उच्च रक्तदाब, छातीत दुखणे, चक्कर येणे वा शुद्ध हरपणे, इतर जुने आजार, चालू औषधे, हाडा-सांध्यांचा त्रास, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितले आहे का. सातही उत्तरे ‘नाही’ असतील तर हलक्या व्यायामाने सुरुवात करता येते. एकही ‘हो’ आले तर पुढची पाने भरून घ्यावीत आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा लेखी सल्ला येईपर्यंत थांबावे.

हा कागद क्लायंटच्या हातात देऊन मोकळे होऊ नये. आपल्याकडे माणसे फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहितात, कारण बीपीची गोळी रोज घेतो म्हणजे बीपी आता ‘नाही’ असा त्यांचा हिशोब असतो. म्हणून प्रश्न उलटा विचारावा: ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणकोणत्या गोळ्या घेता?’ शक्य असेल तर गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मागवावा.

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकलो. पन्नाशीतले एक गृहस्थ, प्रकृतीने ठणठणीत दिसणारे. फॉर्मवर सगळे ‘नाही’. ट्रेडमिलवर त्यांची नाडी ११० च्या पुढे जाईना. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे ती १३० पर्यंत जायला हवी होती, म्हणून मी वेग वाढवत गेलो आणि मनात म्हणत होतो की दम तर लागलेला दिसतोय, मग आकडा का वाढत नाही. काही वेळाने ते बार धरून थांबले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर थंड घाम होता. बसवून, पाणी देऊन, सोबत पाठवून डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले की रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलोल घेत होते. हे बीटा ब्लॉकर प्रकारचे औषध आहे. ते नाडीचा वेग मुळातच दाबून ठेवते, त्यामुळे शरीर पूर्ण ताकदीने काम करत असले तरी घड्याळावरचा आकडा खालीच राहतो. अशा माणसाचा व्यायाम नाडीवरून मोजायचा नसतो. शून्य ते दहा या श्रममापनावरून, म्हणजे ‘किती जड जाते आहे’ या त्याच्याच उत्तरावरून आणि तो सलग वाक्य बोलू शकतो का यावरून मोजायचा असतो. पुस्तकात ते होते. मी ते वाचलेही होते. गोळीचे नाव मात्र मी विचारले नव्हते.

मधुमेहाच्या बाबतीतही तसेच आहे. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस सकाळी उपाशीपोटी आला तर व्यायामात त्याची साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन लहान चमचे, पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे बसवून पुन्हा तपासावे आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवावा. माझ्या बॅगेत साखरेच्या पुड्या नेहमी असतात.

मोजमापात वजन, उंची, कमरेचा घेर आणि बसल्या जागी घेतलेला रक्तदाब पुरेसा आहे. दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर मानली जाते, हे क्लायंटला सांगताना धाक दाखवण्याचा सूर नसावा. स्त्री क्लायंटचे मोजमाप शक्यतो स्त्री सहकाऱ्याने घ्यावे, किंवा टेप तिच्याच हातात देऊन कुठे धरायची ते सांगावे. हात लावून फॉर्म दुरुस्त करायचा असेल तर प्रत्येक वेळी विचारावे. आधी एकदा परवानगी मिळाली होती म्हणजे ती कायमची मिळाली असे होत नाही. हाक कशी मारावी हेही याच भेटीत विचारून घ्यावे. आपण आदराने ‘काकू’ म्हणतो आणि समोरच्या बाई बेचाळिसाव्या वर्षी त्या एका शब्दाने पॅकेज सोडून जातात, हे मी पाहिलेले आहे. ‘मॅडम’ सुरक्षित, नावापुढे ‘ताई’ बहुतेकांना चालते.

चौथी पायरी: वही

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवे ट्रेनर हिच्यावर सर्वांत कमी घालवतात.

प्रत्येक क्लायंटसाठी दोनशे पानी एक वही असावी. अॅप वापरायला माझी हरकत नाही, पण फोन हातात घेतलेला ट्रेनर संदेश वाचतो आहे असेच क्लायंटला वाटते, आणि ते बरेचदा खरेही असते. पहिल्या पानावर क्लायंटचे ध्येय त्याच्या शब्दांत लिहावे. ‘वजन कमी करणे’ हे ध्येय कोणाचेच नसते. थोडे खोदले की ‘मुलीच्या लग्नात ते पैठणीचे ब्लाउज अंगाला यावे’ किंवा ‘नातवाला कडेवर घेताना कमरेत चमक भरू नये’ असे काहीतरी बाहेर येते.

माझ्याकडच्या एका वहीतील उदाहरण देतो. चौपन्न वर्षांच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या एक बाई. डाव्या गुडघ्यात दुखणे, डॉक्टरांची व्यायामाला परवानगी. ध्येय: ‘पुढच्या चंपाषष्ठीला जेजुरीचा गड न थांबता चढायचा.’ पहिल्या आठवड्याची नोंद अशी: ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची, हात छातीवर ठेवून उठणे-बसणे, आठाचे दोन सेट, श्रम दहापैकी सहा, दुसऱ्या सेटला डावीकडे झुकतात, दुखणे दहापैकी दोन, अर्ध्या तासात गेले. चौथ्या आठवड्यात तीच खुर्ची, दहाचे तीन सेट, श्रम पाच, झुकणे नाही. सातव्या आठवड्यात छातीशी पाच किलोचा डंबेल धरून स्क्वॉट. दहाव्या आठवड्यात नोंद आहे: ‘सासूबाई रुग्णालयात, चार रात्री झोप नाही, वजन न वाढवता निम्मे सेट, उरलेला वेळ चालणे.’ बाराव्या आठवड्यात २० सेंटीमीटरच्या स्टेपवर दोन्ही हातांत पाचपाच किलो घेऊन प्रत्येक पायाने दहा वेळा, तीन सेट.

पॅकेज संपले त्या दिवशी त्या नाराज होत्या, कारण तीन महिन्यांत काटा फक्त दीड किलोने उतरला होता. मी वही उघडून पहिले आणि बारावे पान शेजारी ठेवले. कमरेचा घेर ९४ वरून ८९ झाला होता. पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून सोळा वेळा उठून दमणाऱ्या बाई दहा किलो ओझे घेऊन साठ वेळा पायरी चढत होत्या. त्यांनी पाने स्वतः उलटून पाहिली, दहाव्या आठवड्याच्या नोंदीवर थोडा वेळ थांबल्या, आणि पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरले.

वहीत प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहाव्यात: व्यायाम, वजन, पुनरावृत्ती, श्रमाचा आकडा आणि एक निरीक्षण. नवशिक्यासाठी प्रगतीचा साधा नियम पुरतो. आठ ते बारा पुनरावृत्तींची पट्टी ठरवावी, सर्व सेटमध्ये बारा नीट होऊ लागल्या की वजन सर्वांत लहान टप्प्याने वाढवावे आणि पुन्हा आठपासून वर चढावे. दर आठवड्याला नवे व्यायाम आणून क्लायंटला चकित करण्याची हौस आवरावी, कारण व्यायाम बदलला की जुन्या आकड्याशी तुलनाच उरत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत व्यायाम हात राखूनच द्यावा. आपल्याकडे जोर-बैठकांची थोर परंपरा आहे आणि तिच्यासोबत ‘पहिल्या दिवशी जिना उतरता आला नाही पाहिजे’ ही फुशारकीही आलेली आहे. सवय नसलेल्या माणसाकडून एकदम शंभरदोनशे बैठका काढून घेतल्या तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अतिशय दुखणे, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी अशी लक्षणे सांगणारा फोन आला तर ‘पहिल्या दिवशी दुखतेच’ असे न म्हणता ताबडतोब रुग्णालयात जायला सांगावे. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर कधीच मारायला लावत नाही. तो आकडा वर्षानुवर्षांनी येतो.

पाचवी पायरी: आपले कुंपण ओळखणे

आहाराबद्दल क्लायंट पहिल्याच आठवड्यात विचारतो. जेवणात वरण, उसळ, अंडी, दही यांचे प्रमाण वाढवा, भात ताटात निम्म्यावर आणा, रात्री उशिरा फरसाण खाऊ नका, इतके ट्रेनरने सांगावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. साध्या शाकाहारी घरात रोजचे ताट मोजून पाहिले तर बऱ्याचदा तेवढेही भरत नाही, म्हणून पावडरीच्या डब्याकडे धावण्याआधी डाळीची वाटी मोजावी. मात्र मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, थायरॉइड असेल तर आहाराचा तक्ता लिहून देणे हे आपले काम नाही. तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाचे नाव सुचवावे. दुखण्याचे तसेच. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पायात जाणाऱ्या मुंग्या, सांध्याची सूज हे फिजिओथेरपिस्टचे काम आहे. जवळचा एक चांगला फिजिओ आणि एक आहारतज्ज्ञ यांना जाऊन भेटावे, ओळख करून घ्यावी. आपण दोन रुग्ण पाठवले की तेही व्यायामाला तयार झालेले चार रुग्ण आपल्याकडे पाठवतात, हा वर्षभरात येणारा अनुभव आहे.

सप्लिमेंट विकून कमिशन मिळवण्याचे प्रस्ताव येतील. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का हे पाहणे ही किमान पायरी झाली. आपल्याला कमिशन मिळत असेल तर ते क्लायंटला स्पष्ट सांगावे. मी स्वतः घेत नाही, कारण एकदा घेतले की आपला प्रत्येक सल्ला संशयास्पद होतो. इंजेक्शनांच्या बाबतीत मात्र मताचा प्रश्नच नाही. अॅनाबॉलिक स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधे आहेत. मेफेंटरमिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे औषध ‘दम टिकतो’ म्हणून जिममधल्या पोरांना विकले जाते, आणि त्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसांनी अटकाही केल्या आहेत. ज्या जिमच्या कपाटात अशा बाटल्या दिसतील ती नोकरी त्याच आठवड्यात सोडावी.

सहावी पायरी: क्लायंट, दर आणि वर्षाचे वेळापत्रक

दर ठरवताना फक्त शिकवण्याचा तास मोजू नये. समजा, सिंहगड रोडवर राहणारा ट्रेनर बाणेरला घरी जाऊन एका सेशनचे ७०० रुपये घेतो. शिकवणे एक तास, जाणे-येणे आणि गाडी लावणे दीड तास. म्हणजे तासाला २८० रुपये पडले, त्यातून पेट्रोल वजा. त्याच सोसायटीत लागोपाठ तीन क्लायंट असतील तर साडेचार तासांत २,१०० रुपये, म्हणजे तासाला सुमारे ४६७ झाले. म्हणून दर वाढवण्याआधी नकाशा आखडावा. एका सोसायटीत पाय ठेवला की तिथल्याच दुसऱ्या घरासाठी थोडी सवलत देणे परवडते. नदीपलीकडच्या श्रीमंत क्लायंटसाठी सकाळचे दोन स्लॉट घालवणे परवडत नाही.

पैसे आगाऊ घ्यावेत, बारा सेशनचे. रद्द करायचे असल्यास आदल्या रात्री दहापर्यंत कळवावे, नाहीतर सेशन धरले जाईल, हा नियम पहिल्या भेटीत हसतमुखाने सांगावा आणि वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवावा. नियम सांगायचा संकोच वाटतो म्हणून तो तिसऱ्या महिन्यात, राग आल्यावर सांगितला जातो, आणि तेव्हा तो नियम न वाटता भांडण वाटते.

आपल्या धंद्याला ऋतू आहेत. जानेवारी आणि जून भरतात. मार्च परीक्षांमुळे, मे गावाला जाण्यामुळे ओसरतो. श्रावणात उपवास वाढतात, गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी जवळजवळ रिकामी जाते. या महिन्यांसाठी वर्षाच्या सुरुवातीपासून थोडे पैसे बाजूला टाकावेत, आणि क्लायंटलाही या दिवसांसाठी वेगळी योजना द्यावी: गणपतीत घरी वीस मिनिटांचे तीन व्यायाम, बाकी काही नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्या माणसाला व्याख्यान देऊ नये. खिचडीत दाण्याचे कूट आणि सोबत दही वाढवायला सांगावे आणि व्यायाम हलका ठेवावा. दिवाळीनंतर वजन दोन किलोने वाढवून परतलेला क्लायंट आधीच लाजलेला असतो. ‘फराळ कोणाकडचा चांगला होता?’ असे विचारून सुरुवात केली की तो टिकतो.

जाहिरातीवर फार लिहिण्यासारखे नाही. नव्या ट्रेनरला क्लायंट मिळतात ते सध्याच्या क्लायंटच्या बहिणीकडून, शेजाऱ्याकडून आणि फिजिओकडून. आधी-नंतरचे फोटो टाकायचे असतील तर लेखी संमती घ्यावी, आणि ती मागे घेतली तर फोटो त्याच दिवशी काढावा.

सातवी पायरी: कागदपत्रे

मिळकतीची आणि खर्चाची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवावी. जिम मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून देत असेल तर सहसा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ आयकर, कापते. विवरणपत्र भरले नाही तर परत मिळू शकणारे पैसे तसेच राहतात. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, त्यामुळे सुरुवातीला तो प्रश्न येत नाही. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे. ती करून ठेवली की पुढे बँकेचे कर्ज मागताना उपयोगी पडते. व्यवसाय कर आणि बाकीचे एखाद्या कर सल्लागाराला वर्षातून एकदा पैसे देऊन विचारावे.

आठवी पायरी: दुसरे वर्ष

पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा असा दिवस असतो. दुपारची झोप हा आळस नसून कामाचाच भाग आहे हे घरच्यांना पटवून द्यावे लागते. आठवड्याला पंचवीस-तीस सेशनच्या वर गेले की लक्ष कमी होते, पुनरावृत्ती मोजताना चुकायला लागते आणि स्वतःचा व्यायाम आधी सुटतो. रविवार पूर्ण मोकळा ठेवावा.

एसीई आणि एनएएसएमची प्रमाणपत्रे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात आणि त्यासाठी पुढील शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. हे गुण कसेबसे जमवण्याऐवजी आपल्या वह्या काढून बसावे. दहांपैकी सहा क्लायंट पन्नाशीपुढचे असतील तर ज्येष्ठांच्या व्यायामाचा अभ्यासक्रम करावा. बाळंतपणानंतर येणाऱ्या स्त्रिया जास्त असतील तर तो विषय घ्यावा. विशेषज्ञता आधी ठरवून तिला क्लायंट शोधण्यापेक्षा आलेल्या क्लायंटांतून ती ओळखणे स्वस्त आणि खात्रीचे असते. स्वतःचा स्टुडिओ काढण्याचा विचार त्यानंतरचा. सहा महिन्यांचे भाडे बँकेत आणि किमान पंधरा क्लायंट नावानिशी सोबत येतील अशी खात्री, या दोन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय जागा पाहायला जाऊ नये.

जिम सोडण्याचा दिवस कधीतरी येतोच. क्लायंटांचे क्रमांक गुपचूप उतरवून घेणारे ट्रेनर मी पाहिले आहेत; ज्या क्लायंटांना ते फोन करतात, तेच क्लायंट पुढे त्यांच्याबद्दल इतरांना सांगतात. महिनाभर आधी लेखी कळवावे, सुरू असलेली पॅकेजे पूर्ण करावीत आणि उरलेल्यांच्या वह्या क्लायंटच्या परवानगीने पुढच्या ट्रेनरकडे द्याव्यात. शेवटच्या पानावर त्या माणसासाठी चार ओळी लिहाव्यात: डावा गुडघा सांभाळा, मेटोप्रोलोल चालू आहे, नाडीवर जाऊ नका, ‘काका’ म्हटलेले आवडत नाही.